कमी खर्चातली घरशाळा : मोफत ऑनलाइन साहित्य निवडण्याची आणि वापरण्याची पद्धत

मूल घरी शिकवायचे ठरवलेल्या पालकांचा पहिला महिना बहुधा साहित्य गोळा करण्यातच जातो. आमचाही गेला. थोरली आठ वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा असताना आम्ही त्यांना घरी शिकवायला घेतले, आणि त्या उन्हाळ्यात मी फोनवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर मिळेल ते उतरवून घेत गेले. पाठ्यपुस्तके, गोष्टींची पुस्तके, सरावाचे कागद, चित्रफिती असे सगळेच त्यात होते. जूनच्या मध्यावर पाहिले तर तीनशेहून अधिक फाइली जमल्या होत्या, फोनमधली जागा संपली होती आणि मुलांनी त्यांतले एकही पुस्तक पुरते वाचलेले नव्हते. तेव्हापासून आम्ही घरात एक नियम पाळतो. एका विषयाला एक मुख्य पुस्तक, सरावाचे एक साधन आणि हाताने करून पाहण्याची एक गोष्ट एवढेच ठेवायचे. चौथे काही आणायचे असेल तर आधीच्या तिनांतले एक बाजूला काढायचे. मोफत साहित्य आता मराठीतही पुष्कळ आहे. टंचाई असते ती पालकाच्या वेळेची, आणि कमी खर्चात घरी शिकवायचे तर हा वेळच सर्वांत जपून वापरावा लागतो. पुढे जे सांगितले आहे ते याच दृष्टीने सांगितले आहे.

आधी परीक्षेचा मार्ग ठरवावा

साहित्य कोणते घ्यावे हे मूल पुढे कोणती परीक्षा देणार यावर अवलंबून असल्यामुळे हा विचार सुरुवातीलाच करावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना तो लागू आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याच्या कलम १० मध्ये म्हटले आहे, मात्र ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेख कायद्यात स्वतंत्रपणे कोठेही नाही. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. नातेवाईक जेव्हा ‘उद्या शाळेत घालायचे झाले तर काय कराल?’ असे विचारतात, तेव्हा हे कलम माहीत असलेले बरे.

परीक्षेचे तीन मार्ग महाराष्ट्रातल्या पालकांना बहुतेक वेळा उपयोगी पडतात. पहिला मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे लोक ज्याला ‘एनआयओएस’ म्हणतात त्याचा. तेथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष असे अ, ब आणि क स्तर आहेत, आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या समकक्ष माध्यमिक परीक्षेला नाव नोंदवता येते. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका वेळी दोनच विषय देऊन सावकाश पुढे जाणेही शक्य होते. माध्यमिक परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते आणि अभ्याससाहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत असते. दुसरा मार्ग महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा स्तरांवर परीक्षा घेण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये या मंडळाचा निर्णय केला. तिसरा मार्ग राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देण्याचा, ज्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणून ओळखतात. वयाच्या अटी, शुल्क आणि अर्जाच्या तारखा बदलत असल्यामुळे त्या दर वर्षी त्या त्या मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात, दुसऱ्या पालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या माहितीवर विसंबू नये.

मूल लहान असेल तर यातले काहीही आज पक्के करण्याची घाई नाही. फक्त जन्मदाखला, आधार कार्ड आणि मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला एका जाड पाकिटात ठेवावा. दाखला शाळा सोडतानाच घ्यावा. चार वर्षांनी मागायला गेल्यास हेलपाटे पडतात.

मुख्य पुस्तक : बहुतेकांसाठी बालभारती पुरेशी आहे

पुण्यात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, पहिली ते बारावीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. इयत्ता आणि माध्यम निवडले की पुस्तक मिळते. केंद्रीय अभ्यासक्रमाची एनसीईआरटीची पुस्तकेही तशीच मोफत आहेत आणि ‘ई-पाठशाला’ या अ‍ॅपवर वाचता येतात. ज्यांना एनआयओएसचा मार्ग घ्यायचा आहे अशांनी मोठ्या इयत्तांत विज्ञानासाठी त्या संस्थेचे स्वतःचे साहित्य मुख्य धरावे आणि बालभारतीचे पुस्तक शेजारी ठेवावे.

येथे पैशांचा एक साधा हिशोब सांगते, कारण त्यात आम्ही चुकलो होतो. फाइल मोफत मिळाली म्हणून आम्ही पूर्ण पुस्तक झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतले आणि स्पायरल बाइंडिंग करून आणले. आमच्या गावच्या दराने ते मूळ छापील पुस्तकाच्या किमतीपेक्षा महाग पडले, आणि चित्रे काळीपांढरी आल्याने भूगोलाचे नकाशे वाचताच येईनात. त्यामुळे मुख्य पुस्तक छापील विकत घ्यावे किंवा जुने मिळवावे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके मिळतात. लहान गावात शेजारच्या, वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाकडे मे महिन्यात विचारावे. जुने पुस्तक घेताना आवृत्तीचे वर्ष पाहून ते ऑनलाइन असलेल्या पुस्तकाशी जुळते का हे ताडून घ्यावे. फाइलचा उपयोग पुढच्या-मागच्या इयत्तेची पाने पाहण्यासाठी करावा. एखादी संकल्पना कच्ची राहिली असेल तर दोन इयत्ता मागे जाऊन तिची पहिली ओळख वाचणे फार उपयोगी पडते, आणि ही सोय शाळेतल्या मुलाला सहसा मिळत नाही. सरावाची पाने छापायचीच असतील तर एका बाजूला दोन पाने आणि कागदाच्या दोन्ही बाजू अशी छापावीत. १२० पानांना ३० कागद पुरतात. गणिताच्या कच्च्या कामासाठी पाठकोरे कागद उत्तम.

पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या मंचाशी जोडलेले असतात. हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. कोड स्कॅन केला की त्या पाठाच्या चित्रफिती आणि प्रश्न उघडतात, आणि अ‍ॅपमध्ये ते उतरवून ठेवता येतात. चित्रफितींचा दर्जा सारखा नाही. काही फार चांगल्या आहेत, तर काहींत पुस्तकातलाच मजकूर वाचून दाखवलेला असतो. त्यामुळे मुलाला दाखवण्याआधी पालकाने ती स्वतः एकदा पाहावी, आणि पहिल्या दोन मिनिटांत नवे काही कळले नाही तर सोडून द्यावी.

मराठी वाचन

वाचनासाठी आमच्या घरात सर्वांत जास्त वापरले गेलेले साधन म्हणजे ‘स्टोरीवीव्हर’. मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या मंचावर मराठीतल्या चित्रगोष्टी पुष्कळ आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, आणि मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्या उतरवणे, छापणे आणि वाटणेही चालते. पहिल्या पातळीवर एका पानाला एखादे वाक्य असते, चौथीवर जवळजवळ सलग कथा असते. मुलाला त्याच्या सोयीच्या पातळीपेक्षा एक पातळी खालची गोष्ट रोज मोठ्याने वाचू द्यावी आणि एक पातळी वरची आपण वाचून दाखवावी.

या मंचावर कोणीही भाषांतर करू शकते, त्यामुळे काही गोष्टींची मराठी अवघडलेली असते. ‘त्याने एक मोठा श्वास घेतला गेला’ अशा धाटणीचे वाक्य दिसले की मी ती गोष्ट बाजूला ठेवते, कारण लहान वयात कानावर पडलेली वाक्यरचना तशीच तोंडात बसते. निवडलेल्या चाळीसेक गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवल्या तर वर्षभर पुरतात.

मराठी वाचताना उच्चाराचा प्रश्न येतो, आणि तो कोणतेही अ‍ॅप सोडवत नाही. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले च वेगळे आहेत. ‘हे जग सुंदर आहे’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ या वाक्यांतले जग लिहिताना एकच, बोलताना दोन. म्हणून मूल जोडाक्षरे वाचू लागले तरी रोजची पंधरा मिनिटे त्याच्या शेजारी बसून ऐकणे सोडू नये. घरी आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. आमच्याकडे धाकट्याचे वाचन आजीनेच सुधारले.

थोड्या मोठ्या मुलांना संदर्भासाठी मराठी विश्वकोश दाखवावा. १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला हा कोश आज ऑनलाइन मोफत वाचता येतो. त्याची भाषा जड वाटते, पण सहावीपासून एखादी नोंद घेऊन तिचा आपल्या शब्दांत दहा ओळींचा सारांश लिहिणे हा मराठीचा आणि त्या विषयाचा एकदमच अभ्यास होतो. मराठी विकिपीडियावरची तीच नोंद शेजारी ठेवून दोन्हींत काय वेगळे आहे ते शोधायला सांगावे.

गणित

सरावासाठी खान अकॅडमी हे शिकण्याचे संकेतस्थळ पुरते. तेथे मूल चुकले की पायरीपायरीने उत्तर दाखवले जाते आणि कोठे अडले हे पालकाला कळते. पैसे लागत नाहीत. हिंदी किंवा इंग्रजी समजत असेल तर चौथी-पाचवीपासून ते चांगले चालते.

त्याआधीच्या वयात मात्र मराठीचीच एक अडचण आहे, आणि बाहेरच्या भाषेतले साहित्य तिला हातही लावत नाही. धाकटा ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहीत असे. त्याचे चुकत होते असे म्हणता येणार नाही. त्याने सत्तर ऐकले, पुढे नऊ जोडले. मराठी संख्यानामांत ‘एकोण’ म्हणजे ‘एकाने उणे’ हे मुलाला सांगून समजत नाही, करून पाहावे लागते. आम्ही काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले. सात गठ्ठे मांडले, त्याने ‘सत्तर’ म्हटले. मग त्याला एक काडी काढून घ्यायला सांगितली. गठ्ठा सोडवल्याशिवाय काडी निघत नव्हती. त्याने रबर काढले, एक काडी बाजूला ठेवली, आणि समोर सहा गठ्ठे व नऊ सुट्या काड्या उरल्या. ‘सत्तराला एक कमी’ असे तो स्वतःच म्हणाला आणि पाटीवर ६९ लिहिले. त्या आठवड्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे सगळे याच रीतीने झाले. नंतर नव्व्याण्णवला तो थबकला, कारण तेथे ‘एकोणशंभर’ नाही. एकोणनव्वद आहे आणि मग एकदम नव्व्याण्णव. हा अपवाद त्याच्याच लक्षात आला याचा मला फार आनंद झाला. या कामाला लागल्या दोन काड्यापेट्या आणि सात रबरबँड. गुल काढून टाकलेल्या काड्या वापराव्यात, किंवा चिंचोके आणि लहान पिशव्या घ्याव्यात.

पाढे पाठ करून घ्यावेत असे माझे मत आहे. संध्याकाळी परवचा म्हणण्याची जुनी पद्धत कोणत्याही अ‍ॅपपेक्षा स्वस्त आहे आणि दहा मिनिटांत होते. भूमितीसाठी जिओजेब्रा हे मोफत साधन सातवीनंतर आणावे, त्याआधी कंपास आणि पट्टीच हातात राहू द्यावी.

विज्ञान : येथे पडद्यापेक्षा हात महत्त्वाचे

विज्ञानाचे मोफत साहित्य इतके चांगले आहे की पैशांअभावी घरशाळेचे विज्ञान कच्चे राहण्याचे काही कारण उरत नाही. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ हा यातला सर्वांत मोठा ठेवा. आयआयटी कानपूरमधून शिकलेले गुप्ता पुण्यात टेल्को या वाहनांच्या कारखान्यात नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तेथे त्यांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकार करण्याची पद्धत बसवली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची छायाचित्रे, चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके मोफत आहेत.

काड्यांचा प्रयोग करून पाहावा. व्हॉल्व्हची नळी सायकलच्या दुकानात मिळते. तिचे सव्वा-दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसावी. नळी वाकते, त्यामुळे हवा तो कोन करता येतो. तीन काड्या आणि तीन तुकडे यांचा त्रिकोण, चार-चारांचा चौकोन. आता मुलाला दोन्ही दाबून पाहायला सांगावे. चौकोन लगेच कलंडतो, समभुज चौकोन होतो, सपाटही होतो. त्रिकोण हलत नाही. आमच्या थोरलीने चौकोनाला एक कर्ण लावायचा प्रयत्न केला, पण काडी आखूड पडली. मग तिने झाडूची काडी मापाने तोडून लावली आणि चौकोन ताठ उभा राहिला. चार दिवसांनी एसटी स्टँडवर बसलो असताना तिने वर पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवले. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांत सगळीकडे त्रिकोण होते. कर्ण बाजूपेक्षा लांब का, हा प्रश्न तिला त्या आखूड काडीने घातला, आणि पायथागोरसचे प्रमेय पुढे शिकताना तिला तो आठवला.

जे हाताने करता येत नाही त्यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ आभासी प्रयोग वापरावेत. २००२ पासून चाललेल्या या प्रकल्पातले अनेक प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. विद्युत परिपथाचा प्रयोग आम्ही आधी खराखुरा केला: बॅटरीचा सेल, लहान बल्ब आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाची पट्टी. मग पडद्यावर तोच परिपथ जोडून इलेक्ट्रॉन कसे सरकतात ते पाहिले. उलटा क्रम ठेवला तर खऱ्या बल्बची गंमत राहत नाही. मुलांनी घरच्या विजेच्या बटणांशी असे काही करू नये हे आधी बजावून ठेवावे. आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम हे पडद्यावर तारे दाखवणारे साधन मोफत आहे. गच्चीवर जाण्यापूर्वी पाच मिनिटे पाहून संगणक बंद करावा.

इंटरनेट कमी, उपयोग जास्त

रोजच्या रोज ऑनलाइन बसवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, पुढच्या सहा दिवसांचे साहित्य उतरवून घ्यावे. डेटा वाचतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूल फोन घेऊन बसले की शेजारच्या चित्रफितीत वाहवत जाते ते टळते. उतरवलेली फाइल उघडली की शेजारी दुसरे काही नसते.

जुना लॅपटॉप असेल तर ‘कोलिब्री’ हे मोफत साधन पाहावे. त्यात खान अकॅडमी, फेट आणि स्टोरीवीव्हरसारखे साहित्य एकदा भरून ठेवले की इंटरनेट नसतानाही घरातले फोन त्या लॅपटॉपला जोडून ते वापरता येते. वाडीवर राहणाऱ्या चार कुटुंबांनी मिळून एकच लॅपटॉप असा वापरणे सहज शक्य आहे. ‘किविक्स’ हे इंटरनेटशिवाय वाचण्याचे साधन वापरून मराठी विकिपीडिया संपूर्ण उतरवून ठेवता येतो. इंटरनेट अजिबात नसेल तेथे डीडी फ्री डिशवर शैक्षणिक वाहिन्या दिसतात आणि त्यांना मासिक शुल्क नाही.

दिवसाचा पडद्यावरचा वेळ लहान मुलासाठी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये आणि दहा वर्षांपुढच्या मुलासाठी तासाभरावर, असे आम्ही ठरवले आहे. बाकीचे तास वही, पुस्तक आणि अंगणाचे. पाहिलेल्या प्रत्येक चित्रफितीनंतर वहीत तीन ओळी किंवा एक चित्र झालेच पाहिजे, ही अट ठेवल्यापासून मुले स्वतःच कमी चित्रफिती निवडतात.

पैसे कोठे घालावेत

वाचलेले पैसे पाच-सहा गोष्टींवर खर्च करावेत आणि त्यांत काटकसर करू नये: छापील पाठ्यपुस्तके, चांगल्या वह्या, भिंतीवर लावायचा भारताचा आणि महाराष्ट्राचा मोठा नकाशा, एक मराठी शब्दकोश, गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी आणि परीक्षेचे शुल्क. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत, आणि अनेकांत बालविभाग असतो. मुलाला स्वतःच्या नावाचे कार्ड काढून द्यावे. महागड्या शिकवणीच्या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी घेऊ नये. विक्रेत्यांचे फोन येतात, सवलत आजच संपते असे सांगतात, पण दहावीपर्यंत त्याची गरज पडेल असे मला दिसत नाही.

नोंदी ठेवण्याला पैसे लागत नाहीत, मात्र त्या रोज ठेवाव्या लागतात. एका दोनशे पानी वहीत तारीख, विषय, काय केले आणि कोठे अडले एवढे चार रकाने आखावेत. पंधरा दिवसांतून एकदा त्यातले ‘अडले’ हे रकाने वाचावेत आणि पुढच्या रविवारी काय उतरवायचे ते त्यावरून ठरवावे. मुलांचे निबंध, आकृत्या आणि प्रयोगांची छायाचित्रे विषयवार फाइलमध्ये ठेवावीत. शाळेत प्रवेश घेण्याची वेळ आली तर मूल काय शिकले आहे हे मुख्याध्यापकांना या फाइलवरून दाखवता येते.

मे महिन्यात एक दुपार राखून ठेवावी. मेमरी कार्डमधले सगळे फोल्डर मुलांसमोर उघडावेत, वर्षभरात जे एकदाही उघडले गेले नाही ते पुसून टाकावे, आणि पुढच्या वर्षासाठी काय ठेवायचे ते त्यांना निवडू द्यावे. गेल्या वर्षी आमच्याकडे काय ठेवायचे यावर दोघांचे भांडण झाले ते फक्त एकाच गोष्टीवरून, काड्या आणि व्हॉल्व्हची नळी ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यावरून. शेवटी सायकलच्या दुकानातून आणखी एक मीटर नळी आणावी लागली.